सही कुणाची, जीव कुणाचा?

द्वितीय वर्ष कला

दसरा-दिवाळी जवळ आली की शहरातल्या दुकानांना नवे रूप चढते. काल संध्याकाळी जिथे जुनी, रंग उडालेली पाटी होती, तिथे आज सकाळी दहा वाजता दिव्यांची नवी पाटी झळकत असते. आतले कप्पे बदललेले, छत नवे, काचा नव्या, भिंतींना नवा रंग. आपण खरेदीला जातो, 'काय छान केलंय!' असे म्हणतो आणि पुढच्या दुकानात शिरतो. हे सगळे एका रात्रीत कोणी केले, किती उंचीवर उभे राहून केले, त्याच्या पायाखाली कोणता आधार होता, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. कारण ही माणसे आपल्याला दिसतच नाहीत. दुकानाचे शटर खाली आले की ती आत जातात आणि शटर पुन्हा वर जाण्याआधी बाहेर पडलेली असतात.

अशा माणसांपैकी एकाची मी मुलगी आहे. माझे वडील दुकानांच्या पाट्या बसवतात, त्यासाठी लागणारे लोखंडी सांगाडे जोडतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. आई शाळेत गेलेली नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातले एक काम आपोआप माझ्याकडे आले. ठेकेदाराकडून येणारे कागद वडिलांना वाचून दाखवायचे. हे कागद बहुधा इंग्रजीत असतात. गेली दोन वर्षे ते वाचता वाचता माझे एक मत बनले आहे. दुकानांतल्या कामांच्या सुरक्षिततेची तपासणी आज होत नाही असे नाही. ती होते, पण कागदाची होते, कामाची होत नाही. आणि जो घाई लावतो तोच तपासणी मागतो, म्हणून ती खरी होऊ शकत नाही. हे मत पटते का, ते वाचकांनी ठरवावे.

प्रथम हा कागद कसा असतो ते सांगते. मोठ्या साखळी दुकानांचा नियम असा की, काम सुरू होण्यापूर्वी ठेकेदाराने एक यादी भरून द्यायची. कामगारांची नावे, आधार क्रमांक, विम्याचा क्रमांक. मग प्रश्न सुरू होतात. हेल्मेट दिले का? होय. बेल्ट दिला का? होय. बूट? होय. विजेचा मेन स्विच बंद केला का? होय. आग विझवण्याचे सिलिंडर जवळ आहे का? होय. कामगारांना धोक्यांची माहिती त्यांच्या भाषेत समजावून सांगितली का? होय. हा शेवटचा प्रश्नही इंग्रजीतच असतो. त्याखाली कामगाराची सही. यादीतले सगळे 'होय' आधीच छापलेले असतात. सही तेवढी करायची उरलेली असते.

आता सहीच्या जोडीला फोटोही लागतो. काम सुरू होताना सर्वांनी हेल्मेट व बेल्ट घालून ओळीने उभे राहायचे, मुकादम मोबाईलवर फोटो काढतो आणि वर पाठवून देतो. फोटो गेला की बरेचदा हेल्मेटे पुन्हा पोत्यात जातात, कारण तेच पोते दुसऱ्या दुकानातल्या दुसऱ्या टोळीच्या फोटोसाठी न्यायचे असते. वर बसलेल्या साहेबांना फोटो दिसतो. फोटोनंतरची रात्र दिसत नाही.

यात एकट्या मुकादमाला दोष देऊन भागणार नाही. कंपनी काम देते ते एका मोठ्या कंत्राटदाराला. तो लोखंडाचे काम एकाला देतो, वायरिंग दुसऱ्याला, रंग तिसऱ्याला. त्यांतला प्रत्येक जण पुढे मुकादम शोधतो आणि माणसे कमी पडली तर मुकादम सकाळच्या मजूर अड्ड्यावरून चार माणसे उचलतो. प्रत्येक पायरीवर कुणाचा ना कुणाचा नफा राहतो आणि हातात उरणारा पैसा कमी होत जातो. लोखंडाचा भाव कमी होत नाही, दिव्यांचा होत नाही, प्लायवूडचा होत नाही. मग काटकसर करायची कुठे? परांचीच्या जागी शिडी येते. दोन माणसांच्या जागी एक माणूस चढतो आणि शिडी धरायला खाली कुणी उरत नाही. ज्या माणसाला वर चढायचे आहे, त्याच्यापर्यंत पोचेतो सुरक्षिततेचा पैसा वाटेतच संपलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मॉलमधले काम रात्री अकराच्या सुमारास सुरू होते आणि सकाळी नवाच्या आत झाडलोट करून जागा ताब्यात द्यावी लागते. उशीर झाला तर दंड. पुष्कळांची मजुरी फुटावर किंवा नगावर असते. बेल्टचा हूक काढून दुसरीकडे अडकवण्यात, शिडी खाली उतरून सरकवण्यात जो वेळ जातो, तो मजुरीतून जातो. म्हणजे नियम पाळणाऱ्याला कमी पैसे आणि नियम मोडणाऱ्याला जास्त, अशी ही रचना आहे. अशा रचनेत 'सुरक्षा सर्वप्रथम' असा फलक भिंतीवर लावला काय आणि न लावला काय!

वडिलांबरोबर काम करणारे एक काका गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानात छताजवळचा सांगाडा जोडताना खाली आले. उंची साधारण चौदा फूट. शिडी सरकली. मांडीचे हाड मोडले, कमरेला मार बसला. ठेकेदाराने पहिल्या काही दिवसांचे इस्पितळाचे बिल भरले. त्यानंतर चौकशी झाली. चौकशी म्हणजे फाईल उघडली. फाईल पूर्ण होती. यादीत सगळे 'होय' होते, फोटो होता आणि बेल्ट मिळाल्याबद्दलची काकांची सही होती. तेव्हा निष्कर्ष निघाला की बेल्ट दिलेला असताना तो वापरला नाही, हा कामगाराचा निष्काळजीपणा. काका आज काठी घेऊन चालतात. त्यांची थोरली मुलगी बारावीनंतर शिकणार होती, ती आता एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. जो कागद कामगाराला वाचवण्यासाठी असायला हवा, तो इथे कामगारापासून इतरांना वाचवण्यासाठी वापरला गेला.

'पण मजूरच बेल्ट घालत नाहीत, त्याला कोण काय करणार?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा आक्षेप मी टाळत नाही. काही जण खरेच घालत नाहीत. काहींना त्यात कमीपणाही वाटतो. पण बेल्ट कमरेला आणि खांद्याला बांधला म्हणजे माणूस वाचतो असे नाही. त्याचा हूक डोक्याच्या वर, भक्कम आधाराला अडकवावा लागतो. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या पट्ट्यांना तो अडकवला, तर माणसाबरोबर सीलिंगही खाली येईल. हूक अडकवायला दुकानात भक्कम कडी आहे का, हा प्रश्न यादीत नसतो. तीच गोष्ट शिडीची. साधा नियम असा की दर ४ फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून १ फूट दूर असावा. बारा फुटांवर टेकवलेल्या शिडीला ३ फूट जागा हवी. पण खाली मालाने भरलेले कप्पे असतात. ते हलवायला दुकान तयार नसते, कारण सकाळी पुन्हा मांडामांड करावी लागेल. मग शिडी उभीच्या उभी लागते. असा माणूस पडला तर त्याचा निष्काळजीपणा म्हणायचा की कप्पे न हलवणाऱ्याचा?

कुणाला वाटेल, हा मजुरांचा प्रश्न आहे, गिऱ्हाइकाला त्याचे काय? गिऱ्हाइकालाही आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी आपल्या पुण्यात जुना बाजार चौकात जाहिरातीच्या फलकाचा लोखंडी सांगाडा काढण्याचे काम भर दिवसा, रहदारी चालू असताना सुरू होते. तो सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि ४ माणसे गेली. रिक्षात बसलेल्या माणसाने कोणत्या यादीवर सही केली होती? २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये सुट्टीचा दिवस म्हणून मुलाबाळांची गर्दी होती आणि त्याच वेळी तिथे वेल्डिंग चालले होते. ठिणगी पडली, आग भडकली, पंचवीसहून अधिक जीव गेले. त्या जागेला अग्निशमन दलाचा दाखलाही नव्हता. त्याआधी बाराच दिवस, १३ मे २०२४ रोजी, घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र फलक कोसळून १७ जण ठार झाले. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची आणि फलक १२० बाय १२० चा! तो उभा राहताना खालून रोज शेकडो माणसे गेली असतील. एवढा मोठा फलक दिसायला तर कोणत्याही यादीची गरज नव्हती.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे मी माझ्या परीने वाचून पाहिले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक फार चांगली तरतूद होती. कंत्राटदार कामगारांना मजुरी वाटतो, त्या वेळी मुख्य मालकाने नेमलेला माणूस तिथे हजर असलाच पाहिजे आणि किती मजुरी दिली हे त्याने सही करून प्रमाणित केले पाहिजे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची. याचा अर्थ उघड आहे. कंत्राटदाराच्या नुसत्या कागदावर विसंबू नये, मालकाच्या माणसाने डोळ्यांनी पाहावे, हे आपल्या संसदेला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते. मग माझा प्रश्न असा की, मजुरी वाटताना जर मालकाचा माणूस हजर हवा, तर चौदा फुटांवर चढताना का नको?

तो कायदा २० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होता. आता त्याची जागा २०२० साली संमत झालेल्या व आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने घेतली आहे. ही संहिता एरवी १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, पण तिच्यातले कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० कामगारांपासून लागू होते. जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क तिने मान्य केला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु दुकानाची पाटी बसवायला पन्नास माणसे लागत नाहीत. पाच-सहा पुरतात. रात्री दोन वाजता ही पाच माणसे कोणाच्या नजरेस काय आणून देणार?

कागदी तपासणीचा शेवट कसा होतो, याची दोन उदाहरणे शेजारच्या देशांत घडली. ती दुकानांत झालेल्या कामांची नाहीत, मोठ्या दुकानांना कपडे पुरवणाऱ्या कारखान्यांची आहेत. पण काम देणारा एकीकडे, करणारा दुसरीकडे आणि मध्ये प्रमाणपत्र, ही रीत तीच आहे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या एका कापड कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. याच कारखान्याला कामगारांच्या परिस्थितीबद्दलचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काही आठवडे आधीच मिळाले होते! पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक व दुकाने बंद ठेवण्यात आली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले.

त्यानंतर जे झाले ते आपण शिकण्यासारखे आहे. कपडे विकणाऱ्या परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात मे २०१३ मध्ये कायद्याने बंधनकारक असा करार झाला. त्यात इमारतींची स्वतंत्र तपासणी होतीच. पण आणखी एक कलम होते. कारखान्याला सुरक्षिततेचा खर्च परवडेल अशाच अटींवर कंपन्यांनी व्यवहार करावा, असे त्यात म्हटले होते. मला हे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण भाव आणि मुदत यांना हात न लावता केलेली तपासणी म्हणजे तापाचे मूळ न शोधता फक्त तापमान लिहून ठेवणे होय.

तेव्हा माझे म्हणणे असे की, तपासणीची सुरुवात शिडीपासून नव्हे, कंत्राटाच्या कागदापासून व्हावी. परांची, बेल्ट, जादा माणूस यांचा खर्च कंत्राटात वेगळा लिहावा आणि सर्वांत कमी बोली कुणाची, हे पाहताना तो बाजूला ठेवावा. म्हणजे तो वाटेत कापला जाणार नाही. सुरक्षिततेसाठी काम थांबले तर त्या वेळेचा दंड लावू नये आणि थांबा म्हणणाऱ्या कामगाराची त्या रात्रीची मजुरी कापू नये. यादी मराठीत व हिंदीत असावी, कामाच्या जागी मोठ्याने वाचावी आणि 'होय' आधी छापलेले नसावेत. मेन स्विच बंद केल्यावर त्याची किल्ली वर काम करणाऱ्या वायरमनच्याच खिशात असावी. वेल्डिंग करण्यापूर्वी आजूबाजूचे कापड, कागद, थर्माकोल हलवावे आणि वेल्डिंग संपल्यावरही निदान अर्धा तास कुणीतरी तिथे पाहत थांबावे, कारण ठिणगी कपाटामागे धुमसत राहते. आणि मुख्य म्हणजे दुकानाचा एक जबाबदार माणूस रात्री जागेवर हजर असावा व त्याने जे स्वतः पाहिले त्यावरच सही करावी.

लहान दुकानदाराला हे सगळे परवडेल का, असा प्रश्न कुणी विचारील. तो रास्त आहे. पण लहान दुकानाचा मालक बहुधा स्वतःच गल्ल्यावर बसलेला असतो. त्याला कुणाचा फोटो मागवावा लागत नाही. मेन स्विच बंद करायला पैसे पडत नाहीत. कप्पे चार फूट सरकवायला पैसे पडत नाहीत. शिडी धरून उभे राहायलाही पडत नाहीत. वडील सांगतात की कित्येक लहान दुकानदार हे आपणहून करतात, वर चहाही पाजतात. उलट जिथे फाईल सर्वांत जाड, तिथेच रात्री विचारायला माणूस सापडत नाही.

इतिहासाच्या तासाला आपण नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव ऐकतो. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी, एवढे आपण परीक्षेत लिहितो. पण १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन केले, त्यात आणखी एक मागणी होती. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झाला तर त्याची योग्य सोय व्हावी. १४० वर्षांपूर्वीची ही मागणी आहे. आमच्या काकांना ती आजही करावी लागते आहे.

शेवटी माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींसाठी दोन शब्द. आपण कला शाखेची मुले, आपला या बांधकाम-बिंधकामाशी काय संबंध, असे समजू नका. आपल्यातले कितीतरी जण आजच सुट्टीत मॉलमध्ये काम करतात. पदवी घेतल्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण याच दुकानांत सुपरवायझर, मॅनेजर म्हणून लागतील. शिकलेली माणसे म्हणूनच आपल्याला ती खुर्ची मिळेल. मग एखाद्या रात्री दुकान बंद करून घरी निघताना एक छापील यादी आपल्यापुढे येईल. तिच्यातले सगळे 'होय' भरलेले असतील आणि खाली आपल्या सहीची जागा रिकामी असेल. शेवटची बस चुकत असेल. त्या वेळी सही करण्यापूर्वी शिडीपर्यंत चालत जावे, वर पाहावे, हूक कशाला अडकवला आहे ते विचारावे. आणि अडकवायला जागाच नसेल तर यादीत 'नाही' असे लिहून काम थांबवावे. तेवढे आपल्या हातात नक्की असेल.